आधी गाडी काट्यावर घाल

वाचकाचं पत्र : काका, मी शिरोलीचा. वय ३४, घरची छोटी फौंड्री आहे. गेल्या दिवाळीत डबल कॅबिनचा जुना फोर बाय फोर पिकअप घेतला. डिझेल, खाजगी पासिंग, ९२ हजार किलोमीटर पळालेला. आता लांबच्या रानावनातल्या प्रवासासाठी तो पुरता बांधून घ्यायचाय. चार इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करणं), मोठे टायर, पुढं-मागं लोखंडी बंपर, रुतलेली गाडी तारेनं ओढून काढणारा विंच, हौद्यावर कॅनोपी, टपावर तंबू, फ्रिज, ८० लिटर पाणी. पूर्ण यादी आणि आरसीचा फोटो सोबत पाठवतोय. सहा लाख बाजूला काढलेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखी आहेत, काही भाग तर आमच्याच फौंड्रीत ओतून घेईन. पुढच्या जूनमध्ये बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन मनालीवरून हिमाचलातल्या स्पितीला जायचा बेत आहे. वडील म्हणतात, हे खूळ आहे. सुरुवात कशानं करू, विंच की सस्पेन्शन?

उत्तर :

दोन्ही नको. सुरुवात वजनकाट्यानं कर.

तुमच्या फौंड्रीत भंगाराचा ट्रक आला की आधी काट्यावर जातो, पावती बघितल्याशिवाय तुम्ही पैसे मोजत नाही. गाडी बांधतानाही तोच शिरस्ता पाळायचा. तुझ्या आरसीवर मोकळं वजन १,९४० किलो आणि भरलेलं वजन २,७४० किलो लिहिलंय. म्हणजे ही गाडी एकूण ८०० किलो उचलते. त्यातच तुम्ही तिघं आलात, पाणी आलं, तांदळाचा डबा आला, सगळं आलं. हा ८०० चा आकडा गाडीत बसल्यावर दिसेल असा डॅशबोर्डवर चिकटव, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यातून वजा होत जाणार आहे.

तुझी यादी घेऊन मी काल रात्री बेरीज केली. आकडे अंदाजाचे आहेत, पण फुगवलेले नाहीत. पुढचा बंपर ६५, विंच तारेसकट ४०, मागचा बंपर आणि स्टेपनीचा हात ६०, दारांखालचे स्लायडर ४५. हे झाले २१०. पत्र्याची कॅनोपी ११०, वरचं कॅरियर ७०, तंबू ६०, हौद्यातले लोखंडी खण ८०. इथंच ५३० झाले आणि अजून गाडीत एक घोट पाणी नाही. फ्रिज भरून ३५, साध्या दोन बॅटऱ्या ६०, पाणी टाकीसकट ८८, डिझेलचे दोन कॅन ४२, दुसरी स्टेपनी ३५, बाजूला ताणायचं सावलीचं कापड १८. हत्यारं आणि गाडी बाहेर काढायचं सामान ५०, चूल-भांडी-शिधा ४०, कपडे-अंथरूण ४०. तुम्ही तिघं मिळून १६०. एकूण १,०९८.

गाडी ८०० ची आणि यादी अकराशेची. चार इंच लिफ्ट केल्यानं हा फरक मिटत नाही. जाड पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, घातले की गाडी मागून उंच दिसते, बसत नाही, आणि आपल्याला वाटतं आता ती जास्त वजन उचलते. पाटे बदलले म्हणून ब्रेक बदललेले नसतात. मागच्या ॲक्सलचं बेअरिंग तेच असतं, टायर आणि चासीही त्याच असतात. गळीत हंगामात ट्रॉलीवर ऊस किती रचतात ते तू जन्मापासून बघतोयस. रस्त्याच्या एका कडेला चाक उतरलं की ती ट्रॉली कशी आडवी होते तेही बघितलं असशील. तुझ्या यादीतला तंबू, कॅरियर आणि कॅनोपी मिळून २४० किलो गाडीच्या खांद्याच्या वर जातात. वर लिफ्टचे चार इंच. भुईबावडा घाटाच्या वळणात गाडी बाहेर झुकते तेव्हा ते २४० किलो तिला त्याच बाजूला ओढतात.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. माझा पहिला पिकअप मी असाच बांधला होता. काम करणाऱ्या वर्कशॉपनं उत्साहानं जाड पत्र्याची कॅनोपी केली, शेपटीला दोन कॅन आणि स्टेपनी टांगली, आणि मीही कधी काट्यावर गेलो नाही. स्पितीत काझाच्या अलीकडं, दुपारी तीनच्या सुमाराला मागचा मुख्य पाटा तुटला. तिथल्या मेस्त्रीनं एका जुन्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा मापानं कापून बसवला आणि आम्हाला मार्गाला लावलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. घरी आल्यावर गाडी धुऊन खाली बघितलं, तर कॅबिन आणि हौदा यांच्या मधल्या फटीखाली चासीला केसाएवढी चीर गेलेली. ती चीर तीनशे किलोमीटर आधी उघडली असती तर काय झालं असतं, या विचारानं आजही पोटात गोळा येतो. माझीही मुलगी गाडीत होती.

चीर तिथंच का गेली, हे समजून घे. पिकअपची चासी म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांवर टेकलेली लांब तुळई असते. ॲक्सलच्या मागं टांगलेलं वजन तरफेसारखं काम करतं. तुझ्या गाडीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर ३.१ मीटर धर. मागचा ६० किलोचा बंपर ॲक्सलच्या १.१ मीटर मागं लटकतो. त्याचा मागच्या ॲक्सलवर येणारा भार ६० नसतो, ८१ होतो, आणि पुढच्या चाकांवरचे २१ किलो उचलले जातात. स्टेअरिंग हलकं पडतं, चढावर पुढची चाकं पकड सोडतात, आणि प्रत्येक खड्ड्यात चासी कॅबिनमागं वाकते. काहीजण पाटे बसले म्हणून ॲक्सल आणि चासीच्या मध्ये हवेचे फुगे घालतात. त्यानं गाडी सरळ दिसते, पण जो भार पाट्याच्या दोन टोकांनी चासीवर वाटला जात होता तो एका जागी येतो. वाकलेल्या चासींमागं हे एक ठरलेलं कारण आहे.

म्हणून काट्यावर गेलास की तीनदा वजन कर. पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. मागच्या ॲक्सलला किती चालतं ते गाडीच्या माहितीपुस्तकात किंवा चासीवरच्या पट्टीवर असतं. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो, आणि पिकअपच्या बाबतीत बहुतेकदा तसंच होतं.

आता यादीला कात्री लावू. पुढचा बंपर आणि विंच गेले, १०५ वाचले. मागचा बंपर ६०, कॅरियर ७०. कॅनोपी ॲल्युमिनियमची आणि बुटकी करायची, तंबू तिच्याच आडव्या पट्ट्यांवर बसतो, ६० वाचले. लोखंडी खणांच्या जागी १२ मिलिमीटर प्लायची एक फळी आणि झाकणाचे प्लास्टिक क्रेट, ५५. दोन साध्या बॅटऱ्यांऐवजी १०० ॲम्पिअर-अवरची एक लिथियम आयर्न फॉस्फेट, ती साधारण १२ किलोची असते, ४८. पाणी ४० लिटर पुरेसं आहे, त्या वाटेवर दर मुक्कामाला पाणी मिळतं, ४० वाचले. डिझेलचा एकच कॅन, २१. दुसरी स्टेपनी नको, ३५. तिच्याऐवजी पंक्चरच्या वाती आणि चांगला कॉम्प्रेसर. ४९४ किलो वाचले, यादी ६०४ वर आली. जवळपास २०० किलो हात मोकळा राहिला. खराब रस्त्यावर धक्के दुप्पट-तिप्पट होतात, म्हणून ही मोकळीक हवीच. ती भरून काढायची नाही.

विंच काढला म्हणून हिरमुसू नकोस. तुझ्यासारखा कुटुंब घेऊन, ओळखीच्या रस्त्यांनी जाणारा माणूस चिखलातून बाहेर येतो तो फावडं, चाकाखाली सरकवायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड आणि हवा कमी केलेल्या टायरांनी. रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर खडीच्या खराब वाटेवर २५-२६, मऊ वाळूत १६-१८ पर्यंत उतर. टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि तोच गाडी बाहेर काढतो. पक्क्या रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. पुढं कधी एकट्यानं दुर्गम भागात जायला लागलास तर विंचचा विचार कर, आणि त्याची ओढ गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट धर.

टायरच्या मापाचंही तसंच. समजा गाडीला २४५/७० आर१६ आहेत. त्यांची उंची ७४९ मिलिमीटर. तुला हवेत २६५/७५ आर१६, म्हणजे ८०४. ५५ मिलिमीटर वाढले, पण जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मीच वाढते, सव्वासत्तावीस-साडेसत्तावीस. बदल्यात गिअर सात टक्के लांब होतात, चढावर इंजिन दमतं, ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि काटा ८० दाखवतो तेव्हा तू ८६ ने चाललेला असतोस. मूळ मापाचेच, जाड बगलेचे ऑल टेरेन टायर घे, आणि त्यावरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नाही एवढं बघ. लिफ्ट करायचीच असेल तर दीड इंच, फार तर दोन. पुढं स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत त्यापुढं गेलास की पुढच्या शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरतात आणि रबरी बूट फाटतात. फाटलेल्या बुटात एकदा माती गेली की सांधा संपला.

फौंड्रीबद्दल. तुझ्या घरात भट्टी आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पॅटर्न करून मनात आहे तो भाग आठ दिवसांत हातात घेणं ही सोय कोल्हापूरच्या माणसालाच मिळते, आणि ती वापर. तंबूचे ब्रॅकेट, टाकीचे कोपरे, खणांच्या मुठी ॲल्युमिनियममध्ये ओत. पण गाडी ओढायचा हूक मात्र ओतू नकोस. ग्रे आयर्न दाबाला तगतं आणि झटक्याला तुटतं, हे मी तुला सांगायची गरज नाही. चिखलात रुतलेली दोन-अडीच टनांची गाडी दोरानं झटक्यात ओढताना तुटलेला हूक गोळीसारखा सुटतो. ग्रे आयर्नपेक्षा चिवट असलेलं एसजी आयर्न चालेल का, असं विचारशील. नको. तपासणीचा दाखला असलेला, घडीव पोलादाचा हूक विकत घे, चासीच्या मूळ भोकांमध्ये १०.९ ग्रेडच्या बोल्टनं बसव. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीही लावायचा नाही, आणि ओढताना सगळी माणसं दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब. मुलगी तर दोराच्या रेषेत कितीही लांब असली तरी नको.

आणखी एक, उद्यमनगरातला कितीही हुशार वेल्डर असला तरी चासीवर वेल्डिंग करू देऊ नकोस, नवीन भोक पाडू देऊ नकोस. वेल्डच्या कडेचं पोलाद तापून बदलतं आणि चीर तिथूनच सुरू होते. जे काही बसवायचं ते असलेल्या भोकांना, बोल्टनं.

कायद्याचं बघ, कारण यात बरीच मंडळी अडकतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीचा आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं ठरवलेली मूळ रचना जुळेनाशी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घे. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना कळवलंय. गार्डमुळं धडकेचा धक्का थेट चासीत जातो, एअरबॅगचं वेळेचं गणित बिघडतं, आणि समोरच्या पायी माणसाला वाचायची संधी उरत नाही. म्हणून तुझ्या यादीतून तो बंपर मी वजनाआधीही काढला असता. कॅनोपीचं काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन विचार, आणि विमा कंपनीला प्रत्येक जोडणी लेखी कळव. अपघातानंतर सर्व्हेअर आला की न कळवलेला बदल पहिल्यांदा त्याच्या नजरेत भरतो.

पैशांची वाटणी माझ्या मते अशी असावी. सहापैकी पहिले दोन लाख गाडी मूळ पदावर आणायला ठेव. ९२ हजार किलोमीटर पळालेल्या गाडीचे बुश, बॉल जॉइंट, चाकांची बेअरिंग, क्लच, कूलंटचे रबरी पाइप, बेल्ट, ब्रेकच्या नळ्या, शॉक ॲब्सॉर्बर हे सगळं उघडून बघ आणि जे शंकास्पद ते बदल. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल बदल. फोर व्हील खरंच पडतंय का, लो गिअर खरंच पडतोय का, हे कच्च्या मैदानात तपास. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळलास तर आतले गिअर ताणले जातात. हे खर्च फोटोत दिसत नाहीत, पण स्पितीतून परत आणतात ते हेच. टायर आणि शॉकनंतर उरलं तर तंबू, मग बॅटरी, मग फ्रिज.

वायरिंगचं काम जाणत्या माणसाकडूनच करून घे. ४०-४५ लिटरचा फ्रिज दिवसाला साधारण ४०० ते ६०० वॅट-अवर खातो, आणि तुझ्या लिथियममध्ये बाराशेच्या वर मावतात, म्हणजे दोन दिवस निभतात. बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. गाडी जळण्याची सुरुवात बहुधा पत्र्याच्या कडेला घासलेल्या, फ्यूज नसलेल्या तारेनं होते.

आता स्पिती, आणि हे मी काळजीनं लिहितोय. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. मनाली दोन हजारांवर. तिथून काझाला एका दिवसात जाताना कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरवर लागते आणि रात्री झोपायचं सुमारे ३,७०० वर. सात वर्षांच्या मुलीला डोकं दुखतंय की कंटाळा आलाय हे नीट सांगता येत नाही. मनालीकडून जाऊ नकोस. सिमल्याकडून चढ. सिमला, मग कल्पा सुमारे २,९०० वर, दोन रात्री. मग नाको किंवा ताबो, मग काझा. उंची हळूहळू वाढते, शरीराला वेळ मिळतो. उलटी, सुस्ती, चालताना तोल जाणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. निघण्याआधी तिच्या डॉक्टरांना दाखवून घे. परतताना कुंझुमवरून उतरलास तर तिथले ओढे सकाळीच पार कर. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि दुपारी तेच पाणी गुडघ्याच्या वर येतं. त्या उंचीवर हवेचा दाब इथल्यापेक्षा बराच कमी, इंजिन दमलेलं असतं. तीनशे किलो जास्त नेणारा माणूस तिथं क्लच जाळतो.

तंबूत किंवा बंद कॅनोपीत स्टोव्ह पेटवायचा नाही. थंडी वाजली तरी नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. सूनबाईंनाही हे वाचून दाखव.

जूनच्या आधी गाडी आपल्याच मुलखात तपासून घे. पहिली रात्र अंबोली-चंदगड बाजूला, मुक्काम ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून. दुसरी खेप गगनबावड्यावरून भुईबावडा उतरून कोकणात, सगळं सामान भरून. घाट उतरल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात ने. एखादं जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक घासतोय. प्रत्येक खेपेनंतर जे सामान एकदाही वापरलं नाही ते घरी ठेव. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय गाडी घालायची नाही, आणि रात्रीचा मुक्काम तर नाहीच. १९५८ पासून ते रान गव्यांसाठी राखलेलं आहे. मसाई पठारावरही ओल्या मातीत चाकांचे चर पाडू नकोस. पावसाळ्यानंतर तिथं जे फुलतं ते त्या चार बोटांच्या मातीवरच उगवतं. आणि पंचगंगा पसरलेली असताना उंच गाडी आहे म्हणून पाण्यात घालायची नाही. स्नॉर्केल, म्हणजे टपापर्यंत नेलेली हवेची नळी, फक्त इंजिनला हवा देतं. पाणी वाहतं असलं तर गाडी तरंगायला आणि सरकायला फार खोली लागत नाही.

वडिलांचं म्हणणं खोडून काढायला जाऊ नकोस. त्यांनी आयुष्यभर भट्टीवर माल तोलला आहे, जास्त भरलेला ट्रक लांबूनच ओळखत असतील. येत्या रविवारी त्यांना शेजारच्या सीटवर बसव आणि शिरोलीतल्याच एखाद्या काट्यावर गाडी घेऊन जा. टाकी फुल, हौदा मोकळा, तुम्ही दोघं खाली उतरलेले. पावत्या तीन घे : पूर्ण गाडीची, पुढच्या ॲक्सलची, मागच्या ॲक्सलची. आरसीवरच्या १,९४० शी किती जुळतंय ते बघा, आणि मग माझी ६०४ किलोची यादी त्यांच्या हातात दे. त्यातलं अजून काय कमी करता येईल ते त्यांना विचार, आणि तिन्ही आकडे मला कळव. टायर आणि पाट्यांबद्दल पुढचं त्यावरून लिहीन.